पाहुणीला काम सांगा

जळकोटात महादेवीआक्काच्या घरून कुणी अर्धपोटी उठलं, असं सांगणारा माणूस सापडायचा न्हाय. मीटर बघायला आलेला वायरमन असो की मत मागायला आलेला पुढारी, आक्काच्या ओसरीवर पाय ठेवला की ताटावर बसावंच लागे. हायवेवर एकदा ट्रक बंद पडला, तेव्हा पंजाबचे दोन ड्रायव्हर तीन दिवस तिच्या घरी जेवले आणि जाताना पाया पडून गेले, ही गोष्ट ती प्रत्येक लग्नात सांगायची आणि प्रत्येक लग्नात ड्रायव्हरांच्या भाकरी दोन-दोनानं वाढायच्या. शाळा तिची दुसरीतच सुटली होती. सही करता येत होती, बसची पाटी वाचता येत होती, बाकी अडलं न्हाय. पण पाहुण्याला कसं वागवायचं, हे तिला कुणी शिकवावं, असा माणूस पंचक्रोशीत न्हाय, हे तिला ठाऊक होतं आणि गावालाही ठाऊक असावं, अशी तिची इच्छा असायची.

म्हणून विद्यापीठाची चिठ्ठी आली, तेव्हा ती आधी हसली आणि मग चिडली.

हे विद्यापीठ जळकोटापासून आठ-नऊ किलोमीटरवर, माळावर. कमी पावसाची शेती शिकायला तिथं बाहेरच्या देशांतली पोरंपोरी येतात. आईबाप हजारो कोस लांब, इथली भाषा येत न्हाय, जेवण तिखट, माणसं टक लावून बघणारी. पोरं पहिल्या दोन-तीन महिन्यांत खचतात. तेव्हा विद्यापीठानं एक रीत घातली होती. प्रत्येक पोराला आसपासच्या गावात एक घर लावून द्यायचं. पंधरा दिवसांतून एक रविवार पोरानं त्या घरी काढायचा. हे सगळं बघणारे शांतलिंग सर मूळचे बेंबळीचे, चाळिशीतले, हळू बोलणारे. ते गावात नावं लिहून घ्यायला आले, तेव्हा आक्कानं सांगून टाकलं होतं की पहिलं नाव महादेवीचं लिहा, दुसरं कुणाचं लिहायचं ते मग बघा.

आता चिठ्ठीत लिहिलं होतं की पोरं घरी यायच्या आधी घरच्या माणसांनी अर्ध्या दिवसाच्या वर्गाला यावं. वर्ग कशाचा, तर परदेशी मुलाला घरी कसं सामावून घ्यावं, याचा.

"म्या जायचं? पाहुणचार शिकायला?" आक्का म्हणाली आणि तिनं पोराला धाडून दिलं.

शंभुलिंग तिचा थोरला, स्वभावानं गरीब. तो गेला, मागच्या खुर्चीवर बसला, बिस्किटं खाल्ली आणि पंख्याखाली त्याला झोप लागली. घरी आल्यावर आईनं विचारलं, काय सांगितलं रे? तो म्हणाला, विशेष न्हाय, प्रेमानं वागवा म्हणले. आक्का म्हणाली, बघ, एवढं सांगायला त्यांनी गाडीचं तेल जाळलं.

पुढच्या रविवारी चिसोमो आली. मलावी नावाच्या देशातली, चोवीस वर्षांची, उंच, काळीभोर, केसांच्या बारीक बारीक वेण्या घातलेली. नाव ऐकून सून श्रीदेवी अडखळली, पण आक्कानं पहिल्या झटक्यात बरोबर म्हटलं. चिसोमो. त्यात काय अवघड आहे? ज्या घरात शंभुलिंग म्हणता येतं, तिथं चिसोमोही म्हणता येतं. पोरगी थोडंथोडं मराठी बोलत होती. विद्यापीठात उमाबाई नावाच्या रिटायर मास्तरीण रोज सकाळी त्यांचा वर्ग घेत. ‘नमस्कार आक्का, तुम्ही कशा आहात’ असं ती खालच्या आवाजात म्हणाली आणि दोन्ही गुडघे किंचित वाकवले. मोठ्या माणसापुढं वाकायची त्यांची तशी रीत. आक्काला ती पोरगी तिथंच आवडली.

मग आक्कानं जे केलं, ते सगळं गाव करतं, फक्त आक्का जरा जास्त करते. पोरीला नव्या खुर्चीवर बसवलं, जिचं प्लास्टिक अजून काढलं नव्हतं. पुरणपोळी केली, कटाची आमटी, भजी, कुरडया. चिसोमोनं ताट स्वच्छ केलं. तिच्या आईनं तिला शिकवलं होतं की दुसऱ्याच्या घरी ताटात कण ठेवू नये. ताट रिकामं दिसलं की आक्का वाढायची. पोरगी ‘नको’ म्हणायची. उमाबाईंनी तिला तो शब्द पहिल्याच आठवड्यात शिकवला होता. पण या घरात ‘नको’ म्हणजे अजून एकदा विचारा, एवढाच अर्थ गेली पन्नास वर्षं होता. पाचव्या पोळीला पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. आक्काला वाटलं, आईच्या आठवणीनं आलं असंल. तिनं वरून तूप ओतलं.

जेवण झाल्यावर चिसोमो ताट उचलायला वाकली, तर आक्कानं ते हातातून काढून घेतलं. ती स्वयंपाकघराकडं निघाली, तर आक्कानं खांद्याला धरून परत खुर्चीवर आणून बसवलं. दुसऱ्या रविवारी कोपऱ्यातला झाडू पोरीनं हातात घेतला, तर आक्का श्रीदेवीवर कडाडली की पाहुणीला दिसंल अशा जागी झाडू ठेवायला तुला कुणी सांगितलं होतं? तिसऱ्या रविवारी पोरगी अंगणातल्या शेंगांच्या ढिगाशी जाऊन बसली आणि शेंगा फोडायला लागली. आक्कानं ढीगच उचलून आत नेला आणि तिच्यापुढं टीव्ही लावला. तिथं कुणीतरी तासभर कुणाला तरी कानफटात मारत होतं.

त्याच दिवसांत गल्लीच्या टोकाला सारजाबाईच्या घरी इथिओपियाची एक पोरगी यायची. ती म्हणे सारजाबाईबरोबर तुरीच्या रानात जाते, पाणी शेंदते, भाकरी थापायला बसते. आक्कानं चारचौघींत सांगितलं की समुद्र ओलांडून आलेल्या पोरीला सारजीनं मोलकरीण केली, चहात दूध घालायचं जिच्या जिवावर येतं, तिच्याकडून दुसरं काय होणार.

चौथ्या रविवारी चिसोमो आली, तेव्हा गप्प होती. पाचव्याला निरोप आला की अभ्यास आहे. सहाव्यालाही अभ्यासच होता. आक्कानं केलेल्या शेंगाच्या पोळ्या शेवटी शंभुलिंगनं तीन दिवस खाल्ल्या.

मार्गशीर्ष निम्मा सरला तसे एका सकाळी शांतलिंग सर मोटारसायकलवर आले. चहा घेतला. इकडचं तिकडचं बोलले. मग त्यांनी जे सांगितलं, ते आक्काला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. चिसोमोसाठी दुसरं घर बघतोय, असं ते म्हणाले. कुणाची चूक न्हाय, विद्यापीठाची ती पद्धतच आहे, एखाद्या पोराला एखाद्या घरात सूर लागला न्हाय, तर घर बदलायचं, वाईट कुणी वाटून घ्यायचं न्हाय. पोरगी हल्ली मेसमध्ये नीट जेवत न्हाय, वर्गात बोलत न्हाय. तिच्या डोक्यात परत जायचं आलंय.

आक्कानं कपबशी खाली ठेवली.

"म्या काय कमी केलं, ते सांगा."

"कमी न्हाय केलं, आक्का."

"मग कुणाच्या घरी धाडताय?"

"सारजाबाई दोघींना सांभाळते म्हणाल्यात."

आक्कानं उरलेला चहा ओसरीखाली ओतून दिला. श्रीदेवीला तर भीती वाटली. महादेवीआक्काच्या घरून पोरगी उठून सारजीच्या घरी जेवायला जाणार आणि सगळी गल्ली ते बघणार. पण त्याच्याही खाली काहीतरी टोचत होतं, आणि ते गल्लीचं नव्हतं. ती पोरगी मेसमध्ये जेवत न्हाय. आपल्या हातचं एवढं खाऊन पोरगी वाळली कशी?

सरांनी सांगितलं की घरांची यादी येळवशीनंतर पक्की होईल, सुट्टीच्या आधी. त्याला अजून दोन आठवडे आहेत. तोवर एक करा. या रविवारी विद्यापीठात पोरं स्वयंपाक करणार आहेत आणि घरच्या माणसांनी जेवायला यायचं आहे. ऑगस्टात तुम्ही आला नव्हता. आता या.

"पोराला धाडते," आक्का सवयीनं म्हणाली.

"न्हाय. तुम्ही या."

आक्का गेली. इरकल नेसून, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून, विद्यापीठाच्या गाडीत सारजाबाईपासून तीन बाकडी सोडून बसली. मनाशी तिनं ठरवलं होतं की सगळ्यात खोट काढायची. सोयरीक जुळवताना पोरीकडचं घर बघावं, तसं तिनं विद्यापीठ बघितलं, पण खोट काही सापडंना. ऑफिसात भिंतभर जगाचा नकाशा, प्रत्येक पोराच्या गावापासून इथपर्यंत ताणलेली दोरी. एका खोलीत जाड गोधड्यांचा थर, कारण गरम देशांतल्या पोरांना इथली पौषातली थंडी सोसत न्हाय. नव्या पोराला वर्षभर जुन्या पोराची जोडी, त्यानं बँकेत न्यायचं, पोलिसांत नाव नोंदवायला न्यायचं, बाजारात भाव करायला शिकवायचं. मेसच्या दारावर एक तक्ता होता, कोण काय खात न्हाय त्याचा. आक्कानं एक-एक अक्षर जोडून वाचला. कुणी दूध न्हाय, कुणी मटण न्हाय, कुणी हिरवी मिरची न्हाय. चिसोमोच्या नावापुढं लिहिलं होतं, सगळं खाते, थोडं खाते. आक्कानं ते दोनदा वाचलं. आपल्या घरी तिनं असं कधी विचारलं नव्हतं.

"इथल्या माणसांना अक्कल आहे," ती शेजारच्या बाईला म्हणाली. ती शेजारची बाई सारजाबाईच निघाली. आक्कानं तोंड फिरवलं.

मेसमध्ये चार-पाच शेगड्या पेटलेल्या होत्या आणि प्रत्येक शेगडीशी एका देशाची पोरं. चिसोमोनं आक्काला बघून गुडघे वाकवले आणि तिला खुर्चीवर नेऊन बसवलं. पंख्याखाली. "बसा, आक्का," ती म्हणाली.

आक्का बसली. चिसोमो मोठ्या भांड्यात मक्याच्या पिठाची घट्ट उकड करत होती, दुसऱ्या भांड्यात पालेभाजी आणि शेंगदाण्याचा कूट. आक्काला दिसत होतं की उकड ढवळायला दोन हात कमी पडतायत. ती उठली. चिसोमोनं हसून तिला खांद्याला धरून परत बसवलं. जरा वेळानं आक्का परत उठली, भाजीत मीठ कधी पडणार ते बघायला. दुसऱ्या पोरीनं बसवलं. समोरचा ओटा ओला होता, फडकं शेजारीच होतं. आक्कानं फडक्याला हात घातला, तर तिसऱ्या पोरीनं ते अलगद काढून घेतलं आणि तिच्यापुढं एक मोबाइल ठेवला. त्यावर कुठला तरी नाच चालला होता.

तासभर झाला. आक्काचे हात मांडीवर पडून राहिले. पदर चिमटायचे, सोडायचे, परत चिमटायचे. पन्नास वर्षांत तिचे हात दिवसाउजेडी इतका वेळ मोकळे राहिले नव्हते. बाळंतपणातसुद्धा तिनं पाचव्या दिवशी लसूण सोलला होता. सगळी मेस धुरात, हसण्यात, भांड्यांच्या आवाजात बुडाली होती आणि ती एकटीच कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या बाहुलीसारखी पंख्याखाली.

तेवढ्यात पलीकडून सारजाबाईचं हसू ऐकू आलं. आक्कानं मान वळवली. सारजाबाई त्या इथिओपियाच्या पोरीशेजारी जमिनीवर बसली होती, पदर कमरेला खोचलेला, कोपरापर्यंत पिठात हात. पोरगी तिला काही तरी शिकवत होती, सारजाबाई चुकत होती, आणि पोरगी तिला ओरडत होती.

मग ताटं मांडली. चिसोमोनं आक्काच्या हातावर पाणी ओतलं, वाढलं. आक्कानं खाल्लं. चांगलं होतं, ते तिला कबूल करावं लागलं. ताट रिकामं झालं तसं चिसोमोनं परत वाढलं. आक्का ‘बास’ म्हणाली. परत वाढलं. आक्कानं ताटावर आडवा हात धरला. चिसोमोनं हाताच्या बाजूनं वाढलं. पण तिच्या चेहऱ्यावर आता हसू नव्हतं. शिकवलेलं काम करावं, तसं ती करत होती, आणि तिचे डोळे सांगत होते की मला माफ करा.

जेवणं झाल्यावर शांतलिंग सर आक्काशेजारी येऊन बसले. पोरांना आज एकच सांगितलं होतं, ते म्हणाले. तुमच्या घरी तुम्हाला जसं वागवतात, तसंच आज घरच्या माणसाला वागवायचं. जास्त न्हाय, कमी न्हाय. चिसोमो तयारच नव्हती, म्हणाली, आक्कांचा अपमान होईल. मीच तिला भरीस घातलं.

आक्का बराच वेळ मांडीवरच्या हातांकडं बघत बसली.

"कसं वाटलं, आक्का?"

"हात कुणी काढून घेतल्यासारखं," ती म्हणाली.

सरांनी त्यावर व्याख्यान दिलं न्हाय. तेवढं शहाणपण त्यांच्यात होतं. मग हळूच एवढंच बोलले की तिकडं चिसोमोच्या गावी पाहुणा एक दिवसाचा असतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ देतात. दिली न्हाय तर त्यानं समजून जायचं की आता निघायची वेळ झाली. ती चार रविवार वाट बघत होती.

"हे तुम्ही कुठल्या पुस्तकात वाचलंत?"

"पुस्तकात न्हाय. दोन वर्षांमागं एक पोरगा असाच परत गेला. त्याला ज्या घरी लावला होता, त्यांनी त्याचे लाडच लाड केले. जाताना मला म्हणाला, सर, त्या घरात मला कुणी पाणीसुद्धा भरू दिलं न्हाय. तेव्हा मला कळलं की आपण पोरांनाच शिकवत होतो, घरांना शिकवलंच न्हाय. मग वर्ग काढला. तुम्ही आला न्हायत."

आक्कानं हे सगळं गिळलं. मेसमधल्या उकडीपेक्षा ते गिळायला जड होतं. मग ती उठली आणि भांडी विसळत असलेल्या चिसोमोपुढं जाऊन उभी राहिली. चिसोमो घाबरली. आक्का म्हणाली, येळवशीला आमच्या रानात यायचं. आदल्या दिवशी दुपारीच ये. चिसोमोनं सरांकडं बघितलं, मग विचारलं, काही कार्यक्रम आहे का?

"कार्यक्रम न्हाय," आक्का म्हणाली. "काम हाय."

आमच्या भागात येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी घरात माणूस राहत न्हाय. सगळा गाव रानात जातो. कडब्याची कोप, म्हणजे खोपट, उभी करायची, आत पाच खडे मांडून पांडव म्हणून पुजायचे, बाजरीचे उंडे आणि सगळ्या पालेभाज्या-शेंगांची मिळून केलेली भज्जी खायची आणि वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून वाढायचं. आणि आंबील. ज्वारीचं पीठ ताकात शिजवून, लसूण घालून, मातीच्या बिंदगीत रात्रभर आंबवलेली. हीच आंबील पिकावर शिंपडतात. महादेवीआक्काची आंबील जळकोटात नावाजलेली होती. त्या बिंदगीला श्रीदेवीनं सोळा वर्षांत हात लावलेला नव्हता. एकदा लावला होता, पहिल्या वर्षी, तेव्हा जे ऐकावं लागलं, ते तिला अजून पाठ होतं.

आदल्या दुपारी चिसोमो आली. आक्कानं तिला अंघोळ करून चुलीशी यायला सांगितलं, पळी तिच्या हातात दिली आणि म्हणाली की आंबील तू बघ. श्रीदेवीच्या हातातली भाजी खाली पडली. आक्का तिच्याकडं न बघताच म्हणाली, भज्जी तू बघ, मला विचारू नको. श्रीदेवी इतक्या जोरात कोथिंबीर चिरायला लागली की विळी हलायला लागली.

चिसोमोला पीठ, ताक, आंबवणं, काही नवं नव्हतं. तिच्या आईकडं मका-ज्वारीचं पेय असंच आंबवून करतात. तिच्या हाताची गती बघून आक्का मनातून खूश झाली, पण बोलली न्हाय. आंबील शिजली, बिंदगीत ओतली. आता ती अंगणाच्या कोपऱ्यात पोत्याखाली ठेवायची, ही आक्काची पन्नास वर्षांची रीत. चिसोमो म्हणाली, थंडी फार आहे, चुलीजवळ ठेवू या. माझी आई तशीच ठेवते.

आक्काच्या तोंडात ‘न्हाय’ आलं होतं. ते तिथंच थांबलं. ती एवढंच म्हणाली, "ठेव."

दुसऱ्या दिवशी रान माणसांनी भरलं. ज्वारी छातीएवढी उभी, हरभरा फुलोऱ्यात, वर कोवळं ऊन. गल्लीतली चार घरं, सारजाबाई, तिची इथिओपियाची पोरगी, शांतलिंग सर, सगळे कोपीभोवती बसले. पूजा झाली. शंभुलिंग पिकाभोवती आंबील शिंपडून आला. मग बिंदगी मध्ये घेतली आणि पहिला पेला त्यालाच दिला. त्यानं एक घोट घेतला आणि त्याचा एक डोळा आपोआप मिटला. दुसऱ्या माणसानं पेला खाली ठेवून घसा खाकरला. आंबील रात्रभर चुलीच्या उबेला फसफसली होती. इतकी आंबट, की दात शिरशिरले.

सारजाबाईनं एक घोट घेतला, मिटक्या मारल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "महादेवी, आंबील हाय का चिंच कोळून आणलीस?"

पन्नास वर्षांत कुणी आक्काच्या आंबिलीला असं बोललं नव्हतं. चिसोमो भाकरी वाढत होती, ती होती तिथंच थांबली. तिला कळलं होतं. शांतलिंग सरांनी पेला मांडीवर ठेवला आणि आक्काकडं बघितलं.

आक्काला काय बोलायचं ते ठाऊक होतं. घरी आलेल्या पाहुण्याच्या हातून काही सांडलं, बिघडलं, तर ते आपल्या अंगावर घ्यायचं. म्हणायचं की माझीच चूक झाली, मीच जास्त आंबवली. मोठ्या घरची बाई असंच करते. ते वाक्य तिच्या जिभेवर आलं. मग तिला मेसमधला पंखा आठवला, आणि पलीकडं पिठात हात घालून शिव्या खाणारी सारजी आठवली. पाहुण्याला आपण सांभाळून घेतो. आपल्या माणसाला कुठं घेतो?

"चिसोमो," ती म्हणाली, "इकडं ये."

चिसोमो आली.

"ही काय आंबील केलीस? चुलीजवळ ठेव म्हणलं, का चुलीत ठेव म्हणलं? सगळ्या गावापुढं माझं नाक कापलंस. सोळा वर्षांत या श्रीदेवीला पळी दिली न्हाय म्या, तुला दिली, आणि तू हे करून ठेवलंस. रात्री उठून एकदा बघितलं असतं तर हात झिजले असते काय?"

श्रीदेवीनं डोळे मिटून घेतले. सर अर्धे उठले. चिसोमो मान खाली घालून उभी होती. मग तिनं मान वर केली.

"तुमची चूल फार गरम आहे," ती म्हणाली. मराठी अडखळत येत होतं, पण येत होतं. "माझ्या आईची चूल अंगणात असते. वारा लागतो. आणि आक्का, तुम्ही चुलीच्या बाजूलाच झोपला होता. तुम्ही का नाही बघितलं?"

मग सारजाबाईला हसू फुटलं, इतकं की तिनं पेला सांडला. तिच्यापाठोपाठ शंभुलिंग हसला. आईपुढं असं हसायची त्याची पहिलीच वेळ असंल.

"उलट बोलती," आक्का म्हणाली. तिच्या आवाजात काय होतं, ते श्रीदेवीला ताबडतोब ओळखू आलं. लग्नानंतर दोन वर्षांनी, जेव्हा तिनं पहिल्यांदा उलट उत्तर दिलं होतं, तेव्हा असाच आवाज आला होता. त्यानंतर सासूनं तिला पाहुण्यासारखं कधीच वागवलं न्हाय. "आता पुढं काय करायचं ते सांग. एवढी माणसं बसलीत."

चिसोमोनं ताजं ताक मागितलं, पाणी मागितलं, मूठभर गूळ मागितला. गूळ ऐकून दोन-तीन बायांनी कपाळावर हात मारला. आंबिलीत गूळ कुणी ऐकला न्हाय. आक्कानं श्रीदेवीला सांगितलं, दे तिला. चिसोमो बिंदगीत हात घालून ढवळत बसली, चाखलं, परत ताक घातलं, परत चाखलं. मग पहिला पेला आक्कापुढं धरला.

आक्कानं घोट घेतला. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते.

"बरी हाय," ती म्हणाली. "चांगली न्हाय. बरी."

पंगत परत सुरू झाली. पोरांना ती गोडसर आंबील आवडली, म्हाताऱ्यांना न्हाय. दोघांनी परत मागितली, एकानं हळूच ज्वारीच्या बुडाशी ओतून दिली.

उन्हं कलायला लागली तसे शांतलिंग सर चिसोमोला बांधाकडं घेऊन गेले. त्यांच्या हातात घरांची यादी होती. आक्का तिथून चार पावलांवर परात घासत होती. परात केव्हाच लख्ख झाली होती, तरी ती घासत होती. तिला ऐकू आलं की सर विचारत होते, वाईट वाटलं का?

"वाटलं," चिसोमो म्हणाली. "आईनं रागावलं की वाटतं, तसं."

सर म्हणाले, मग सारजाबाईचं घर लिहू का? चिसोमो म्हणाली की नको. मग घाईघाईनं पुढं म्हणाली, मला आता जायचंय, शंभुदादा हरभऱ्यावरची अळी दाखवणार आहेत, माझ्या अभ्यासाला लागते. आणि ती शेताच्या धुऱ्यावरून पळत सुटली, वेण्या पाठीवर उडवत.

सरांनी यादीवर काही तरी लिहिलं आणि आक्काजवळ आले. आक्कानं त्यांना बसायला सांगितलं न्हाय.

"पुढच्या साली तुमचा तो वर्ग ऑगस्टात असतोय न्हवं?"

"व्हय, आक्का."

"त्या बायांना म्या सांगते. तुम्ही लई गोड बोलता, माणसाला झोप येते. आमचा शंभुलिंग झोपला होता." तिनं परात उन्हात उपडी टाकली. "तुमच्या त्या इमारतीत सगळं नीट हाय, म्या बघितलं. गोधड्या हाईत, नकाशा हाय, कोण काय खातंय त्याचा हिशेब हाय. लई चांगलं काम करताय तुम्ही, पोरांचे आईबाप दुवा देत असतील. फक्त सांगायला एक बाई पाहिजे, जिनं स्वतः चुकून बघितलंय. ती तुमच्याकडं न्हाय."

सर हसले. त्यांनी यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूला तिचं नाव लिहिलं आणि सही करायला पेन पुढं केला.

आक्कानं हात पदराला पुसले, पेन घेतला आणि चारही अक्षरं एकाखाली एक न जाता एका ओळीत बसतील, अशा बेतानं सावकाश सही केली. मग धुऱ्याकडं बघून ओरडली की अळी बघून झाली असंल तर दोघं इकडं या, कोप कोण मोडणार, म्या?